साडेतीन महिन्यांचं बाळ, 'अल्कापा' निघालंय, परवा ऑपरेशन म्हणतात. यातून कुणी गेलंय का?

बार्शीची_लेक | मंगळवार, पहाटे ३.१०

नमस्कार. एरवी मी इथं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. मुंबईत हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोरच्या बाकावर बसले आहे. बाळ आत आयसीयूत. दर दोन तासांनी पाच मिनिटं आईला आत सोडतात, मधल्या वेळात झोप काही लागत नाही.

मुलगा आहे. जन्माचं वजन २ किलो ९००, आता ४ किलो ३००. पहिला सव्वा महिना काहीच त्रास नव्हता. नंतर पाजायला घेतलं की चार-सहा घोट घ्यायचा आणि एकदम सोडून किंचाळायचा. पाय पोटाशी, चेहरा पांढराफटक. आणि घाम! डिसेंबरची थंडी, पण कपाळावरून निथळून माझ्या ब्लाउजची कोपराजवळची बाही ओली व्हायची. पाच मिनिटांनी पुन्हा गप्प, जसं काही झालंच नाही. सासूबाई म्हणाल्या पोटात मुरडा येतोय. बेंबीभोवती हिंग झाला, ओव्याची पुरचुंडी झाली, ग्राइप वॉटर झालं. डॉक्टरांनीही पोटदुखीचेच थेंब लिहून दिले. बाही ओली होते हे मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "जास्त कपडे घालता तुम्ही."

मग धाप लागायला लागली. न्यूमोनिया म्हणून ॲडमिट केलं, एक्स-रेत हृदय मोठं दिसलं. सोलापूरला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. हृदयाचा स्नायूच कमकुवत आहे, पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते) २० टक्के, औषधं देऊन बघू, बाकी देवावर. ती औषधं तेरा दिवस दिली आणि मग मामांनी गाडी करून इकडं आणलं.

इथल्या मॅडमनी आधी ईसीजीची पट्टी हातात घेतली, खिडकीपाशी नेऊन बघितली, आणि मग स्वतः पाऊण तास इको केला. म्हणाल्या, "स्नायूचा आजार नाही हा. हृदयालाच रक्त देणारी डावी धमनी महाधमनीतून निघायला पाहिजे, ती फुप्फुसाकडं जाणाऱ्या धमनीतून निघालीय. यालाच अल्कापा म्हणतात. औषधानं बरं होणार नाही. ऑपरेशन करून ती जागेवर लावावी लागेल." तेही परवा, गुरुवारी.

घरात दोन तट पडलेत. सासूबाई आणि मोठे दीर म्हणतात, वजन तरी सहा-सात किलो होऊ दे, एवढ्याशा जिवावर कुठं सुरी चालवायची. नवरा गप्प आहे. पंपिंग २० टक्के असलेलं हृदय ऑपरेशन सोसेल का? सोसलं तरी ते पुन्हा नीट होतं का, की आयुष्यभर असंच? सहीच्या कागदावर 'एक्मो लागू शकतो' आणि 'छाती काही काळ उघडी ठेवावी लागू शकते' असं लिहिलंय. ते वाचल्यापासून माझे हात गार पडलेत.

ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपया लिहा. 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणारे खूप भेटले.

---

वायरमन_वाळवा | मंगळवार, सकाळी ५.४०

ताई, माझ्या लेकीला हेच होतं. २०१७ ला ऑपरेशन झालं तेव्हा ती चार महिने दहा दिवसांची होती, वजन ४ किलो १००, पंपिंग १८. आता शाळेत खो-खोच्या टीममध्ये आहे आणि घरात कुणाचं ऐकत नाही. एवढं आधी वाचा, मग बाकीचं सावकाश वाचा.

मी विजेच्या लाईनवर काम करतो, डॉक्टरकी मला येत नाही. पण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला, कारण ते माझ्याच धंद्यातलं निघालं. चुकीच्या डीपीवर जोडलेली लाईन!

कसं बघा. पोटात असताना आणि जन्मल्यावर काही आठवडे फुप्फुसाच्या लाईनचा दाब चांगला चढा असतो. त्यामुळं डाव्या धमनीत रक्त जात राहतं. अशुद्ध का होईना, जातं. जोडणी चुकलीय हे कुणाला कळत नाही. म्हणून तुमचा पहिला सव्वा महिना बरा गेला. पुढं फुप्फुसं मोकळी होत जातात तसा त्या लाईनचा दाब उतरतो. मग डाव्या बाजूला रक्त ढकलणारं कुणी उरत नाही. एवढ्यावरही भागलं असतं, कारण उजवी धमनी जागेवर असते आणि तिचे बारीक फाटे डावीकडं मदत पाठवतात. पण ते चांगलं रक्त स्नायूत थांबत नाही. समोर कमी दाबाचं तोंड उघडं दिसतंय, तिकडंच निघून जातं. आमच्यात याला बॅक फीड म्हणतात, म्हणजे लाईनीत उलट्या बाजूनं वीज येणं, आणि बॅक फीडनं माणसं मरतात, म्हणून मला ते चटकन समजलं.

बाळाला दूध ओढणं म्हणजे आपल्याला जिना चढण्यासारखं. हृदयाला जास्त रक्त लागतं आणि नेमकं तेच मिळत नाही. म्हणजे तो किंचाळतो ती पोटदुखी नाही ताई, ते छातीत दुखतंय. म्हाताऱ्या माणसाला ॲटॅकच्या आधी दुखतं ना, घाम फुटतो ना, तसंच. हे कळलं त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या मागं जाऊन रडलो. आम्ही दीड महिना तिला हिंग लावत होतो.

आता 'वजन वाढू दे' याबद्दल. आमची आई हेच म्हणत होती. सर्जन तिला म्हणाले, "आजी, वजन वाढवायला दूध प्यावं लागतं, आणि दूध पिताना तिचं हृदय मरतंय." त्यानंतर आई एक शब्द बोलली नाही. ऑपरेशन न करता सोडलेल्या बाळांपैकी दहातली नऊ पहिल्या वर्षात जातात असं त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. सासूबाईंना डॉक्टरांसमोर बसवा. तुम्ही सांगू नका, घरात सुनेचं कुणी ऐकत नसतं.

पंपिंगचं सांगतो, कारण इथं आम्ही सगळ्यात जास्त घाबरलो. ऑपरेशनच्या आधी १८. डिस्चार्जच्या दिवशी २४. मी डॉक्टरांशी भांडलो की एवढं सगळं करून सहाच टक्के? ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "हा स्नायू बराचसा मेलेला नाही, उपाशी आहे. उपाशी माणसानं जेवल्याबरोबर पोतं उचलायचं नसतं." तीन महिन्यांनी ३८. वर्षानं ५६, म्हणजे नॉर्मल. हे आकडे माझ्या ड्युटीच्या डायरीच्या मागच्या पानावर आहेत, खाली ट्रान्सफॉर्मरच्या ऑइलचा हिशेब. झडपेतून रक्त मागं गळत होतं, तेही भरपूर. त्या झडपेला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. हृदय आकारावर आलं की गळती आपोआप कमी होईल म्हणाले, आणि झाली.

छाती उघडी ठेवली होती आमच्याही पोरीची, दोन दिवस. वर पातळ पारदर्शक पट्टी लावलेली. मला आत सोडलं तेव्हा ती पट्टी टकटक हलत होती. खाली हृदय होतं. मी जे बघितलं ते बायकोला आजपर्यंत नीट सांगितलेलं नाही. पण ते उघडं ठेवतात ते सुजलेल्या हृदयावर फासळ्यांचा दाब पडू नये म्हणून. बिघडलंय म्हणून नाही.

पैशाचं काय केलंय? रेशनकार्ड बरोबर आहे का? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र खाली टेबलवर बसतो, सकाळी उघडल्या उघडल्या त्याच्याकडं जा. तिथं नाही भागलं तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज हॉस्पिटलची सोशल वर्कर भरून देते. खारघरला श्री सत्य साई संजीवनीत लहान मुलांची हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात, पण तुमची तारीख परवाची आहे. आता बाळ हलवू नका.

आणि रक्त द्यायला चार माणसं गावाकडून आजच बोलवा. त्यांना सांगा, उपाशी येऊ नका.

---

पंपवाला | मंगळवार, दुपारी १.२५

वायरमनदादा, बॅक फीडचं उदाहरण मी उद्यापासून आमच्या विद्यार्थ्यांना सांगणार. परवानगी असू द्या.

ताई, मी परफ्युजनिस्ट आहे. म्हणजे ऑपरेशन चालू असताना हार्ट-लंग मशीन चालवणारा माणूस. पेशंट आम्हाला ओळखत नाहीत, नातेवाईक तर त्याहून नाहीत, आमची तक्रार नाही. तुमच्या बाळाचं मी बघितलेलं नाही, तेव्हा धोका किती हे तुमच्या सर्जनच्या तोंडूनच ऐका. त्यांना सरळ विचारा, "तुमच्या हाताखालून अशी किती बाळं गेली, त्यांचं काय झालं?" चांगला सर्जन या प्रश्नानं रागावत नाही. मी फक्त आत काय होतं ते सांगतो, कारण दाराबाहेर बसलेल्या आयांचे चेहरे मी येता-जाता बघतो.

४ किलो ३०० च्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण साडेतीनशे मिलिलिटर असतं. चहाचे तीन-चार कप. माझ्या मशीनच्या नळ्या भरायलाच जवळपास तेवढं लागतं. म्हणून नळ्यांमध्ये आधी रक्तपेढीतलं रक्त भरून ठेवावं लागतं. वायरमनदादा माणसं बोलवा म्हणतात ते याचसाठी. मशीन सुरू झालं की मिनिटाला सहाशेच्या आसपास मिलिलिटर फिरवायचं. हवेचा एक बुडबुडा पुढं जाता कामा नये.

अल्कापाच्या केसला मशीन चालू करतानाच एक मेख असते. मशीन सुरू झालं की फुप्फुसाच्या धमनीतला दाब एकदम पडतो आणि डाव्या धमनीतलं सगळं रक्त तिकडं ओतायला लागतं. म्हणून सर्जन लगेच फुप्फुसधमनीच्या दोन्ही फांद्या फास टाकून आवळतात. हृदय थांबवायचं थंड औषधही एका ठिकाणी देऊन पुरत नाही. महाधमनीच्या मुळाशी दिलेलं औषध बारीक फाट्यांनी त्याच चुकीच्या तोंडातून निघून जाऊ शकतं. त्यामुळं फुप्फुसधमनीच्या मुळातही द्यावं लागतं. नाहीतर आधीच उपाशी असलेली डावी बाजू ऑपरेशनभर पुन्हा उपाशी.

मग मुख्य काम. धमनीचं तोंड दोन-तीन मिलिमीटरचं. ते नुसतं कापत नाहीत, भोवतालच्या भिंतीची गोल चकती ठेवून कापतात, शर्टाचं बटण कापडासकट काढावं तसं. आम्ही म्हणतोही 'बटण'च. ते बटण मोकळं करून महाधमनीकडं ओढून आणतात आणि तिथं भोक पाडून शिवतात. दोरा केसासारखा, सर्जनच्या डोळ्यावर भिंग. ओढताना धमनी पिळली किंवा ताणली जाता कामा नये, सगळं कसब तिथं आहे. फुप्फुसधमनीत जे भोक उरतं त्याला बाळाच्याच हृदयावरच्या आवरणाचं ठिगळ. मोठ्या धमन्या उलटसुलट लागलेल्या बाळांवर अशीच बटणं हलवून हलवून सर्जनांचे हात या कामाला सरावलेत.

धमनीचं तोंड महाधमनीपासून फार दूर असेल तर दुसरा मार्ग असतो. १९७९ साली जपानच्या ताकेउचींनी काढलेला. धमनी न हलवता फुप्फुसधमनीच्या आतूनच बोगदा बांधून रक्त आणायचं. पण तो बोगदा पुढं गळतो किंवा वाट अरुंद करतो, म्हणून जमेल तिथं बटणच. त्याही आधी तर नुसती ती धमनी दोरा टाकून बंद करत. दादांच्या भाषेत जंपर, म्हणजे जोडणीची तार, काढून टाकणं. बॅक फीड थांबतं, पण घर एकाच लाईनवर राहतं. आता तसं करत नाहीत.

एक्मो म्हणजे माझंच मशीन, छोटं करून आयसीयूत नेलेलं. थकलेलं हृदय पहिल्या दोन-तीन दिवसांत शरीराचा भार उचलू शकलं नाही तर तेवढ्यापुरतं ते काम करतं. काही बाळांना लागतं. कागदावर आधी सही घेतात ती रात्री दोन वाजता तुम्हाला शोधत फिरायला नको म्हणून.

आणखी एक. आयसीयूत आत्ता बाळाला भरपूर ऑक्सिजन का लावत नाहीत, म्हणून कुणी भांडू नका. जास्त ऑक्सिजननं फुप्फुसाच्या नळ्या आणखी सैल होतात आणि डाव्या धमनीतल्या रक्ताची तिकडं होणारी चोरी आणखी वाढते.

जाता जाता. तुमच्या मॅडमनी ईसीजी खिडकीपाशी नेऊन बघितला म्हणालात ना? १९३३ साली बॉस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड या डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या एका बाळाची हकिकत छापली. दूध पिताना पांढरं पडणारं, घामानं भिजणारं. त्याही बाळाचा ईसीजी बिघडलेला होता. या दुखण्यात ईसीजीच्या डाव्या बाजूच्या दोन पट्ट्यांमध्ये खोल खड्डे दिसतात. मोठ्या माणसाचा असा ईसीजी आला तर कंपाउंडरसुद्धा ॲटॅक म्हणेल. बाळाचा म्हणून कुणी नीट बघत नाही. मला याचा राग येतो. मोठं झालेलं हृदय घेऊन आलेल्या प्रत्येक तान्ह्या बाळाच्या दोन्ही धमन्या कुठून निघतात हे दिसेपर्यंत 'स्नायूचा आजार' हे नाव कागदावर लिहूच नये.

---

बार्शीची_लेक | मंगळवार, रात्री ९.५०

दादा, पंपवाले दादा, तुमची उत्तरं मी प्रिंट काढून आणली. खाली झेरॉक्सवाल्यानं पैसे घेतले नाहीत, पहिलं पान वाचून परत दिले.

ऑक्सिजनवरून काल खरंच भांडण झालं होतं. दीर सिस्टरवर ओरडले. आज जाऊन माफी मागून आले.

सासूबाईंना मॅडमसमोर बसवलं. मॅडमनी इकोचा व्हिडिओ लावून दाखवलं की रक्त धमनीत जायच्या ऐवजी उलटं बाहेर येतंय. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग एवढंच विचारलं, "म्हंजी त्याला दुखत हुतं?" मॅडम हो म्हणाल्या. त्या बाहेर आल्या आणि माझ्या पिशवीतली हिंगाची डबी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला वाईट वाटलं. त्यांची काय चूक?

योजनेचं मंजूर होईल असं आरोग्यमित्र म्हणाले, कागद गेलेत. गावाकडून सहा जण रक्त द्यायला निघालेत.

एक विचारायचं होतं. हे माझ्या गरोदरपणातल्या कशामुळं झालंय का? जाऊबाईंनी आज ग्रहणाचा विषय काढला.

---

पंपवाला | मंगळवार, रात्री १०.३५

नाही. गर्भाचं हृदय बनताना एका मोठ्या नळीच्या दोन होतात आणि धमन्यांचे कोंब त्यांना येऊन मिळतात. हे सगळं पहिल्या दोनेक महिन्यांतलं काम. एक कोंब शेजारच्या घरात शिरला, एवढंच. साधारण तीन लाख बाळांत एक असं असतं. तुमच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा, कशाचाही संबंध नाही. जाऊबाईंना माझं नाव सांगा.

---

सोळाशे_मीटर | बुधवार, सकाळी ११.०५

ताई, माझं दुखणं तुमच्या बाळाच्या दुखण्याचं चुलत भावंड. एकच समजू नका. धागा बघितला म्हणून लिहितो, कदाचित इतर कुणाच्या कामाला येईल.

मी पोलीस भरतीची तयारी करत होतो, लातूरला. वय २३. सोळाशे मीटरचा सराव, शेवटचे दोनशे मीटर जोर लावला की छाती आवळायची. अकॅडमीचे सर म्हणाले पोरा, दम कमी आहे. एका डॉक्टरांनी ॲसिडिटी सांगितली, मी महिनाभर गोळ्या खाल्ल्या. एका सकाळी ग्राउंडवर तिसऱ्या राउंडला पडलो. नशीब असं की त्या दिवशी सराव बघायला एका पोराची बहीण आली होती आणि ती नर्स होती. तिनं छाती दाबायला सुरुवात केली. बाकी सगळे तोंडावर पाणी मारत होते.

माझी डावी धमनी महाधमनीतूनच निघते, पण चुकीच्या कप्प्यातून, उजव्या. आणि मग महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून वाट काढत डावीकडं जाते. त्यातही सुरुवातीचा तुकडा महाधमनीच्या भिंतीच्या आतूनच चाललेला. तोंड गोल नाही, चीर असल्यासारखं. बसून असताना रक्त पुरतं. धावताना महाधमनी फुगते, भिंत ताणते आणि ती चीर मिटते. साधा ईसीजी नॉर्मल. ट्रेडमिलवरही नॉर्मल आला होता. सीटी अँजिओग्राफीत सापडलं. अमेरिकेत पीट मॅराविच म्हणून मोठा बास्केटबॉलपटू होऊन गेला, तो १९८८ मध्ये चाळिसाव्या वर्षी खेळता खेळता कोसळला. त्याला डावी धमनीच नव्हती. व्यावसायिक बास्केटबॉलचे दहा हंगाम खेळून झाले होते, कुणाला पत्ता नाही.

मी विचारलं, बायपास करा ना. सर्जन म्हणाले, तुझी स्वतःची धमनी बसल्या जागी चांगली वाहते, मग नवीन जोडलेल्या नळीत रक्त जाणारच नाही आणि ती काही दिवसांत मिटून जाईल. त्यांनी महाधमनी उघडून आतल्या बाजूनं त्या भिंतीतल्या तुकड्याचं छत कापून टाकलं. बोगद्याचं छत काढलं की उघडा रस्ता होतो, तसं. तोंड आता योग्य कप्प्यात उघडतं आणि मोठं आहे. सगळ्यांना हे ऑपरेशन लागतं असं नाही. उजवी धमनी डावीकडून निघणाऱ्या बऱ्याच जणांना नुसतं लक्ष ठेवून सोडतात, त्यावर डॉक्टरांतही वाद आहेत. डावी असेल, अशी मधून जात असेल, तर मात्र ते फारसे थांबत नाहीत.

तीन महिने पाच किलोच्या वर उचलायचं नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासण्या, मग हळूहळू पळायची परवानगी. पळतो आता, घड्याळ न लावता. भरतीचं वय निघून गेलं. ग्रामपंचायतीत डेटा एंट्रीला आहे.

पोरांनो, पळताना छाती आवळत असेल किंवा पळता पळता चक्कर येऊन पडला असाल तर 'दम कमी आहे' म्हणून सोडू नका. उभं राहून पडणं वेगळं, जोर लावताना पडणं वेगळं.

---

वायरमन_वाळवा | गुरुवार, सकाळी ७.१५

ताई, आज आहे ना? आमचं साडेसात तास चाललं होतं. घड्याळाकडं बघू नका. उशीर म्हणजे वाईट असं नसतं, रक्त थांबायलाच त्यांचे दोन तास जातात. काहीतरी खाऊन घ्या. दूध काढून ठेवायचं विसरू नका. त्या धांदलीत माझ्या बायकोचं दूध आटत आलं होतं, सिस्टरनं पंप आणून दिला म्हणून टिकलं.

---

बार्शीची_लेक | सोमवार, दुपारी ४.२०

आज अकरावा दिवस. मध्ये लिहायला जमलं नाही, दोघांचीही उत्तरं वाचत होते.

गुरुवारी साडेआठला आत नेलं, पावणेचारला सर्जन बाहेर आले. बटण जमलं, बोगदा लागला नाही. एक्मो लागला नाही. छाती दोन दिवस उघडी होती. वायरमनदादा, पट्टी हलताना मीही बघितली. तुम्ही लिहून ठेवलं होतं म्हणून उभी राहू शकले. नवरा बाहेर पळाला. तिसऱ्या दिवशी छाती बंद केली, पण रात्री ठोके अनियमित झाले आणि सगळे धावले. ती रात्र लिहीत नाही. सहाव्या दिवशी व्हेंटिलेटर काढला. आवाज बसलाय, रडतो ते मांजरीच्या पिलासारखं.

पंपिंग २६. डायरी आणलीय, पहिल्या पानावर २० आणि २६ लिहिलेत.

आधी नळीनं दूध देत होते, मग वाटी-चमच्यानं. आज सकाळी मॅडम म्हणाल्या, पाजून बघा. मी मुद्दाम तोच पिवळा ब्लाउज घातला होता. सात मिनिटं ओढत होता. मध्ये एकदा थांबला, माझं काळीजच थांबलं, पण तो नुसता माझ्याकडं बघत होता. पुन्हा प्यायला लागला. झोपल्यावर बाही चाचपून बघितली. कोरडी होती. सासूबाईंनीही हात लावून बघितला.

गुरुवार-शुक्रवारपर्यंत सोडतील म्हणतात. ॲस्पिरिनची गोळी चतकोर द्यायची आहे, ती कशी करता? आणि बारशाला, नंतरही, माणसं उचलून घेणार, तर काय सांभाळायचं?

---

वायरमन_वाळवा | सोमवार, संध्याकाळी ६.३०

ताई, दोनदा वाचलं. बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं.

ॲस्पिरिन: औषधाच्या दुकानात गोळी कापायची छोटी प्लास्टिकची डबी मिळते, ती घ्या. सुरीनं चुरा होतो. चतकोर तुकडा चमचाभर पाण्यात विरघळवून, दूध पाजल्यावर द्या, उपाशीपोटी नको. ती चालू आहे तोवर घरात कुणाला कांजण्या किंवा फ्लू झाला तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा, हे आम्हाला बजावून सांगितलं होतं. लसी पुढं ढकलायच्या का तेही विचारून घ्या.

उचलणं: काखेत हात घालून उचलायचं नाही, दीड-दोन महिने तरी. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, चमचा उचलावा तसं. पाहुण्यांना सांगून उपयोग होत नाही, आम्ही पाळण्याच्या दांडीला पुठ्ठ्याची पाटी बांधली होती. लाल अक्षरात: 'मला वर ओढू नका.' तीच पाटी लेकीनं परवा माळ्यावरून काढून स्वतःच्या कपाटाला लावलीय. पाहिजे तर पाठवून देतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.